एक वाव, एक हात

मागच्या अंकात हतनूर धरणाच्या फुगवट्यावर कयाक, म्हणजे एकट्याने बसायची अरुंद होडी, वल्हवतानाचा माझा फोटो छापून आला आणि पत्रांचा गठ्ठा झाला. बहुतेकांची शंका एकच : "नाना, हातातली ती पट्टी पाणी ओढते तरी कशी?" म्हणून या वेळची सगळी जागा ग्रीनलँडच्या अरुंद पात्यांच्या वल्ह्याला देतो.

नव्या वाचकांना एवढंच सांगतो की मी भुसावळचा. उभी नोकरी पोरांना सुतारकाम शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर मुलीकडे डेन्मार्कला पाच महिने राहिलो. तिथे रोस्किल्डच्या खाडीवर एक म्हातारे ग्रीनलँडचे गृहस्थ रोज सकाळी पाण्यात उतरायचे. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची नव्हती. माझं मनगट धरून, वळवून त्यांनी मला शिकवलं. खाली जे लिहिलंय त्यातलं चांगलं ते सगळं त्यांचं आहे.

प्रश्न : मी शिरपूरचा, वय २६. मागच्या वर्षी सव्वाचार मीटरची प्लॅस्टिकची कयाक घेतली, सोबत नेहमीचं रुंद पात्यांचं वल्हं. तापीच्या फुगवट्यात १० किलोमीटर जायचं आणि परत यायचं, असा २० किलोमीटरचा पल्ला धरलाय. पहिले ८ किलोमीटर ६५ मिनिटांत होतात. उरलेल्या १२ ला २ तास ४० मिनिटं लागतात. घरी आल्यावर शर्ट काढायला हात वर होत नाही. अरुंद वल्ह्याने वेग वाढेल का?

भाऊ, आधी तुमच्याच आकड्यांचा हिशेब मांडू. पहिले ८ किलोमीटर तुम्ही ताशी ७.४ ने जाता, पुढचे १२ ताशी ४.५ ने. एकूण ३ तास ४५ मिनिटं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसते ताशी ६ ने गेलात तर ३ तास २० मिनिटांत परत काठाला लागाल. पंचवीस मिनिटं आधी, आणि शर्टही काढता येईल.

पाण्यात वेग वाढवायचा तर ताकद वेगाच्या साधारण घनाने वाढवावी लागते. ताशी ६ वरून ७.४ वर जायला पावणेदोन पटीहून जास्त जोर लागतो. तो तुम्ही पहिल्या तासात उधळता आणि दुसऱ्या-तिसऱ्या तासात त्याची परतफेड करता. शिवाय प्रत्येक होडीला तिच्या लांबीचा लगाम असतो. पाण्याला टेकलेली लांबी मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ४.५ ने गुणा. तुमच्या होडीची ती लांबी ४ मीटर धरली तर उत्तर येतं ताशी ९ किलोमीटर. त्या वेगाच्या जवळ जाऊ लागलं की होडी स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढत राहते, सगळा घाम त्या लाटेत जातो. ग्रीनलँडच्या शिकाऱ्यांची कयाक पाच मीटरच्या आसपास लांब आणि जेमतेम अर्धा मीटर रुंद असे, ती उगीच नव्हे.

आता वल्हं. पाच-दहा किलोमीटरच्या शर्यतीत चमच्यासारखं वळलेलं विंग वल्हं ग्रीनलँडच्या वल्ह्याला मागे टाकतं. शर्यत जिंकायची असेल तर ते घ्या, मी अडवणार नाही. अरुंद वल्ह्याचा गुण तिसऱ्या तासाला कळतो. समोरून वारा सुटलाय, काठ अजून दूर आहे, अशा वेळी.

अरुंद म्हणजे लहान, असं मात्र समजू नका. माझ्या वल्ह्याचं पातं साडेआठ सेंटिमीटर रुंद आहे, पण ८० सेंटिमीटरच्या वर लांब आहे. पूर्ण बुडवलं तर ते जवळपास तुमच्या पात्याएवढंच पाणी धरतं. फरक असा की तुमचं पातं पाण्यात पडल्या पडल्या सगळा भार खांद्यावर टाकतं, आणि हे बुडत जाईल तसा भार चढत जातो. विहिरीतून पोहरा ओढताना आपण पहिला झटका देत नाही, दोर ताणला गेला की मग अंगाने ओढतो. तसंच इथे करायचं.

पकड सांगतो. दांडा आणि पातं जिथे एकमेकांना मिळतात तिथे अंगठा आणि तर्जनी यांचं कडं करायचं, बाकीची तीन बोटं पात्याच्या मुळावर नुसती टेकवायची. दोन हातांत खांद्याच्या रुंदीएवढंच अंतर. रुंद वल्ह्याच्या सवयीने आपण हात फार लांब धरतो. पहिल्या हिवाळ्यात मी दांडा कुऱ्हाडीसारखा आवळून धरायचो. उजव्या मनगटाची शीर अशी धरली की मूठ वळताना आतून करकर आवाज यायचा. सहा आठवडे वल्हं भिंतीला टेकून होतं. आता मी दर अर्ध्या तासाने बोटं उघडून बघतो. बोटं पूर्ण उघडूनही दोन फेऱ्या वल्हवता आलं तर पकड बरोबर आहे.

मग कल. सगळी कला इथेच आहे म्हटलं तरी चालेल. पातं पाण्यात उभं सरळ घालायचं नाही. त्याची वरची कड किंचित पुढे, होडीच्या टोकाकडे झुकलेली ठेवायची. अशा झुकलेल्या पात्याला मागे ओढलं की पाणीच त्याला खाली दाबतं, आणि ते सुरीसारखं आपोआप खोल शिरतं. कल नसेल तर पातं थरथरतं, डावी-उजवीकडे वळवळतं, आणि वरची हवा त्याच्यामागे ओढली जाऊन बुडबुडे होतात. बुडबुडे म्हणजे पात्याच्या पाठीशी पाण्याऐवजी हवा. रोस्किल्डचे बाबा लाकडी धक्क्यावर उभे राहून कानामागे हात धरायचे. मी 'डुबुक' केलं की मान हलवायचे. आवाज न करता दहा वेळा पातं घातलं की बोट वर करायचे. त्यांच्या वाडवडिलांना सीलची शिकार करायची होती, सीलचे कान तिखट. शिकाऱ्याला आवाज परवडत नव्हता, आणि जे वल्हं आवाज करत नाही ते ताकदही वाया घालवत नाही.

हे शिकायला होडी लागत नाही. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर पायऱ्यांवर बसा, गुडघ्याएवढ्या पाण्यात पातं सरळ ओढून बघा, मग अंगठ्याने थोडा कल देऊन ओढा. पहिल्या वेळी वल्हं हातात फडफडेल, दुसऱ्या वेळी रुळावरून गेल्यासारखं जाईल. किती कल हवा ते अंशांत सांगण्यात अर्थ नाही. फडफड थांबते तोच कल.

जोर हाताने द्यायचा नाही. पातं पायाच्या पंजाजवळ हळूच घाला, पूर्ण बुडू द्या, मग पोट आवळून कमरेतून वळा आणि त्याच बाजूच्या पायाने पुढे रेटा. हात खांद्याच्या खाली राहतात, वरचा हात छातीसमोरून आडवा जातो, कोपरं अंगाजवळ. तुमचे खांदे का धरतात ते यावरून कळेल : रुंद वल्हं उंच उचलून तुम्ही तासभर हात डोक्याच्या पातळीवर नाचवत असणार. पातं कमरेपाशी आलं की ते कडेने वर काढायचं. पाणी उचलायचं नाही. पाणी उचललं की होडीचं बूड खाली दाबलं जातं आणि प्रत्येक फेरीला ती थोडी थांबते.

वेग वाढवावासा वाटला तर जोर वाढवू नका, फेऱ्या वाढवा. सायकलवर चढाला आपण हलका गिअर टाकून पाय भरभर मारतो, तसंच. आणि पहिला अर्धा तास स्वतःला आवरा. मी पहिली १० मिनिटं मुद्दाम इतकी हळू काढतो की जाळी ओढणारे भोई मला हाका मारून गप्पा मारतात.

वाऱ्याचंही सांगतो. आपल्याकडे नऊ-साडेनऊनंतर पाण्यावर वारा उठतो. तुमच्या वल्ह्याची दोन पाती एकमेकांशी कोनात असतील, वर गेलेलं पातं वारा कापावं म्हणून तशी करतात. ग्रीनलँडच्या वल्ह्याची दोन्ही पाती एकाच पातळीत असतात. ती अरुंद असतात आणि खालीच फिरतात, म्हणून वाऱ्याला धरायला फारसं काही मिळत नाही. आडवा वारा होडीचं तोंड फिरवू लागला तर दांडा हातातून सरकवून एका बाजूला लांब धरा, तीन-चार फेऱ्यांत तोंड जागेवर येतं.

तुमच्या प्लॅस्टिकच्या होडीत पाठीला उंच टेका असेल. तो खाली पाडा किंवा काढून टाका. रेलून बसलेल्याची कंबर वळत नाही. ग्रीनलँडच्या कयाकमध्ये मांड्यांवरून एक वाकवलेली आडवी तुळई जाते, मांड्या तिला खालून घट्ट टेकतात आणि माणूस होडी अंगात घातल्यासारखा बसतो. त्या तुळईला तिकडे 'मासिक' म्हणतात. हो, आपल्या या मासिकासारखाच उच्चार, अर्थाचा काही संबंध नाही.

प्रश्न : आम्ही यावलचे सुतार. असं वल्हं करायला लाकूड कोणतं आणि माप काय?

दादा, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला, कारण मापं तुमच्या-माझ्या आज्यांना ठाऊक असलेलीच आहेत. एक वाव आणि एक हात. दोन्ही हात आडवे पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर, अधिक कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आपल्याकडे विहिरीचं पाणी वावेने मोजायचे, कापड हाताने. तिकडे वल्हं तसंच मोजतात. माझी वाव १६८ सेंटिमीटर, हात ४५, म्हणजे वल्हं २१३ सेंटिमीटर, सुमारे ७ फूट. पात्याची रुंदी मुठीवर : अंगठा आणि बोटं यांच्यात दोन्ही कडा धरता आल्या पाहिजेत. होडीही अंगावरूनच मोजायची, तीन वाव लांब, आणि रुंदीला बसलेल्या कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक मूठ. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तिथल्या धक्क्यावरच हात पसरून उभा राहिलो होतो. बर्फातल्या माणसाची वाव आणि आमच्या मळ्यातल्या विहिरीची वाव एकच निघाली.

गंमत अशी की ज्यांनी हे वल्हं घडवलं त्यांच्याकडे झाडंच नव्हती. सैबेरियातल्या नद्यांनी समुद्रात लोटलेले ओंडके बर्फाबरोबर वाहत त्यांच्या किनाऱ्याला लागत, त्यातून ते वल्ही काढत. एक ओंडका मिळाला तर वाया जाऊ द्यायचा नाही. टोकं बर्फावर आपटून झिजू नयेत म्हणून त्यांना हाडाची पट्टी ठोकत. वल्ह्याला तिकडे 'पातित' म्हणतात. ऐकायला आपल्या 'पातं'सारखं.

लाकडाचं म्हणाल तर सागाचा मोह टाळा. टिकाऊ आहे, पण जड आहे. तासाला हजारो वेळा उचलायची वस्तू आहे ती. वखारीत मिळणारं पाईन चालतं, शिवणीचं लाकूड चांगलं. फळी ७ फुटांच्या वर, साडेतीन इंच रुंद, दीड इंच जाड. बघायचं ते एकच : रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. मधे गाठ असेल तर फळी परत ठेवा, कितीही स्वस्त देत असले तरी. तयार वल्हं किलोच्या आसपास यावं. दांड्याला अंड्यासारखा गोल द्या, पूर्ण गोल नको, म्हणजे अंधारातही पातं कोणत्या बाजूला आहे ते हाताला कळतं. पात्याची कड पातळ करा पण धारदार नको. पेन्सिलीने मधली रेघ मारून दोन्ही बाजूंनी सारखा रंधा मारत या. एका बाजूला दोन रंधे जास्त पडले तरी पाण्यात वल्हं त्या बाजूला ओढतं.

व्हार्निश लावू नका, हात घसरतो आणि उन्हाने पापुद्रे निघतात. जवसाचं तेल लावा. कापडाने चोळा, अर्धा तास मुरू द्या, उरलेलं पुसून घ्या, असं चार दिवस. आणि हे नीट वाचा : तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना गरम होतं, गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. आपल्याकडच्या मे महिन्यात तर नकोच नको. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

प्रश्न : मी नंदुरबारची, वय ४७. दोन वर्षांपूर्वी खांदा आखडला होता, आता बरा आहे पण पूर्ण वर जात नाही. मला जमेल का? आणि तिकडे बायका कयाक चालवायच्या का?

ताई, खांदा दाखवून डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. त्यांनी हो म्हटलं तर तुमच्यासाठी हेच वल्हं, कारण यात हात खांद्याच्या वर न्यावाच लागत नाही. पहिला महिना अर्ध्या तासाच्या वर नको. ताकदीची काळजी करू नका. रोज दोन हंडे उचलणाऱ्या कमरेला मी काय शिकवू? ते बळ फक्त वळण्यात आणायचं आहे.

जुन्या काळी कयाक पुरुषांची, शिकारीची. बायका 'उमियाक' नावाच्या मोठ्या उघड्या नावेतून मुलंबाळं, सामान, तंबू घेऊन जात आणि ती स्वतः वल्हवत. पण कयाक पाण्यावर तरंगायची ती बायकांमुळेच. सीलचं कातडं सांगाड्यावर ताणून शिवायचं काम त्यांचं. सुई कातड्याच्या आरपार जाऊ न देता अर्ध्या जाडीतूनच टाका घ्यायचा, म्हणजे भोकातून पाणी येत नाही. असा टाका एकदा घेऊन बघा, किती धीर लागतो ते कळेल. आज तिथल्या राष्ट्रीय स्पर्धांमध्ये बायका आणि मुली उतरतात.

प्रश्न : जळगावहून दोघे कॉलेजचे मित्र. ग्रीनलँडचे लोक उलटलेली कयाक आतल्या आत सरळ करतात म्हणे. आम्ही ते आधी शिकावं की वेग?

आधी बुडून बाहेर यायला शिका. छातीएवढं पाणी, काठावर मित्र उभा, होडी मुद्दाम उलटवायची, घाबरायचं नाही, आणि पाय सोडवून बाहेर निघायचं. वीस वेळा. लाइफ जॅकेट अंगात असतानाच. मग पुढचं.

तिथल्या शिकाऱ्यांना दुसरा मार्गच नव्हता. पाणी इतकं थंड की होडीबाहेर पडलेला माणूस थोड्याच वेळात संपतो. म्हणून ते 'तुइलिक' नावाचा टोपीसकट अंगरखा घालत. त्याची किनार होडीच्या तोंडाला घट्ट बसे आणि माणूस-होडी एक होई. पूर्ण वल्ह्याने सरळ व्हायचं, अर्ध्या वल्ह्याने, भाला फेकायच्या फळीने, शेवटी नुसत्या हाताने, असे कितीतरी प्रकार. तिथल्या स्पर्धेत आजही त्यांचे गुण मिळतात, त्याशिवाय लांब पल्ल्याची शर्यत, भालाफेक, दोरांवरच्या कसरतीही असतात. मालिगियाक पादिया हा पोरगा १९९८ मध्ये १६ व्या वर्षी तिथला विजेता झाला. तुमच्याहून लहान.

जिनो वॉटकिन्स नावाचा तरुण इंग्रज १९३०–३१ च्या मोहिमेत ग्रीनलँडच्या लोकांकडून हे शिकला. चांगला शिकला. तरी ऑगस्ट १९३२ मध्ये तो एकटाच शिकारीला गेला आणि परत आला नाही. त्याची रिकामी कयाक तरंगताना सापडली. त्याचं वय २५ होतं. तुम्ही दोघे आहात, दोघेच जा. एकट्याने कधीच नको, मी साठी ओलांडल्यावरही एकटा जात नाही.

आणि वेगाशी याचा संबंध आहे. उलटण्याची भीती असलेला माणूस कंबर आवळून बसतो. आवळलेली कंबर वळत नाही, मग सगळं ओझं हातांवर. ज्या हिवाळ्यात मला पहिल्यांदा आतल्या आत सरळ होता आलं, त्याच हिवाळ्यात माझा २० किलोमीटरचा वेळ वीस मिनिटांनी उतरला. वल्हं तेच, होडी तीच.

हतनूरला येणार असाल तर पाटबंधारे खात्याची परवानगी आधी काढा. पावसाळ्यात येऊच नका, ४१ दरवाज्यांचं धरण आहे, वरून पाणी आलं की ते उघडतात. हिवाळ्यात या. भोयांच्या जाळ्यांना थर्माकोलचे तुकडे बांधलेले असतात, त्यांच्या बाहेरून जायचं. जाळं त्यांचं पोट आहे.

प्रश्न : मी अमळनेरचा, सहावीत आहे. मला वल्हं पाहिजे. आजोबा म्हणतात, "इतला धाकला पोर्‍याले वल्हं कोन देस?" तुम्ही आजोबांना सांगा.

बाळा, आजोबांना माझा नमस्कार सांग. पोहता येतं का ते तू लिहिलं नाहीस. नसेल येत तर आधी ते, या उन्हाळ्यात, आजोबांसमोर. येत असेल तर तुझं वल्हं मोठ्यांच्या वल्ह्यासारखं ७ फुटी नसणार. तू वाढतोस, तसं दोन वर्षांनी तेही बदलावं लागेल, म्हणून विकत घेऊ नका. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसर, आजोबांना दोन्ही टोकांना पेन्सिलीची खूण करायला सांग, ते अंतर मोज. मग कोपरापासून मधल्या बोटापर्यंत मोज. मूठ किती रुंद उघडते तेही. तिन्ही आकडे सेंटिमीटरमध्ये लिहून मला पाठव. माझ्याकडे शिवणीची एक फळी अर्धी रंधलेली पडली आहे. मोठ्या माणसाला ती अपुरी पडते, तुला पुरेल असं वाटतं.